कृष्ण झालेली मुलगी पुन्हा पडद्यावर आणा

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

मा. मंत्रिमहोदय,



एका जुन्या चित्रपटासाठी हे पत्र लिहिते आहे. १९१९ साली नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीने 'कालिया मर्दन' नावाचा मूकपट काढला. दिग्दर्शक दादासाहेब फाळके. विषय श्रीकृष्णाचं बालपण, आणि त्यात कृष्ण झाली होती दादासाहेबांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. फाळक्यांच्या बहुतेक मूकपटांची रिळं काळाच्या ओघात नष्ट झाली. ज्या 'राजा हरिश्चंद्र'मुळे आपण त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो, तोसुद्धा आज सलग पाहायला मिळत नाही. 'कालिया मर्दन' मात्र बराचसा वाचला. आज पाऊण तासाच्या आसपास चित्रपट शिल्लक आहे आणि तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेला आहे.

माझी विनंती अशी की महाराष्ट्र शासनाने हा चित्रपट मोठ्या पडद्यावर, योग्य गतीने, मराठी पाट्यांसह आणि समोर बसलेल्या वादकांच्या साथीने महाराष्ट्रभर दाखवावा. मुलांना आधी दाखवावा. सुरुवात गोकुळाष्टमीला व्हावी आणि २०२७ च्या सिंहस्थात तो नाशिक-त्र्यंबकेश्वरला, म्हणजे फाळक्यांच्या जन्मगावी, खुल्या मैदानात दाखवला जावा.

शंभर वर्षांपूर्वीचा, मुका, काळापांढरा आणि तोही अपुरा चित्रपट आजच्या मुलांनी का पाहायचा, असं आपल्या खात्यातही कोणी विचारील. त्याचं उत्तर चित्रपटाच्या पहिल्या काही क्षणांतच आहे.

चित्रपट सुरू होतो तेव्हा पडद्यावर कृष्ण नसतोच. एक लहान मुलगी असते. ना मुकुट, ना मोरपीस. तिचा चेहरा जवळून दिसतो आणि त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. सात वर्षांच्या मुलीच्या मुद्राभिनयाचा हा नमुना आहे, असं चित्रपटच आधी पाटीवर सांगतो. मग तोच चेहरा विरघळत विरघळत कृष्णाच्या वेषातला होतो. आता गोकुळ सुरू.

हे धाडस किती मोठं आहे, याचा विचार करावा. १९१९ चा प्रेक्षक पडद्यावर देव दिसला की हात जोडत असे. फाळक्यांचाच 'श्रीकृष्ण जन्म' आदल्याच वर्षी, १९१८ मध्ये आला होता आणि त्यातही मंदाकिनी होती. अशा प्रेक्षकासमोर फाळके आधीच सांगून टाकतात, ही माझ्या घरातली पोर आहे, ती अभिनय करते आहे, बघा तिला किती छान जमतं. आणि एवढं सांगितल्यावरही ते लोकांना गोकुळात घेऊन जातात. मुलगी दिसली म्हणून देव नाहीसा होईल, अशी भीती त्यांना वाटली नाही. भाविकाला दोन्ही एका वेळी दिसतात हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे गोकुळाष्टमीला घरोघरच्या आया आपल्या लेकराला मोरपीस खोचतात, काजळाची तीट लावतात आणि त्याच्यापुढे क्षणभर खरोखरच हात जोडतात. ते लेकरू कोणाचं आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? कोकणातल्या दशावतारात, कीर्तनाच्या काल्यात हीच रीत चालत आली आहे. फाळक्यांनी ती कॅमेऱ्यासमोर आणली.

शिवाय ती मुलगी होती, मुलगा नव्हे. सहाच वर्षांपूर्वी, १९१३ मध्ये, 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती व्हायला एकही स्त्री तयार होईना, म्हणून अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवावं लागलं. रोहिदास झाला तो फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या आणि त्यासाठी त्यांना बरंच सोसावं लागलं. अशा काळात एका बापाने आपल्या मुलीला देवाची भूमिका दिली आणि तिच्या अभिनयाची जाहिरात चित्रपटाच्या आरंभीच केली. आपल्या शाळांतून मुलींना हे सांगितलंच जात नाही. मंदाकिनीचं नाव पाठ्यपुस्तकात असायला हवं.

पवित्र बालपण पडद्यावर कसं दाखवायचं, हा प्रश्न जगभरच्या दिग्दर्शकांना पडत आला आहे. २०१५ मध्ये इराणचे माजिद मजिदी यांनी हजरत मुहम्मद पैगंबरांच्या बालपणावर मोठा चित्रपट केला. संगीत आपल्या ए. आर. रहमान यांचं. त्या परंपरेत पैगंबरांचं चित्रण निषिद्ध मानलं जातं, म्हणून मजिदींनी त्या मुलाचा चेहरा दाखवलाच नाही. तो पाठमोरा दिसतो, आणि त्याचा प्रभाव आपण भोवतालच्या माणसांच्या चेहऱ्यांवर वाचायचा. एवढी काळजी घेऊनही चित्रपटाला विरोध झालाच, मुंबईतही झाला. मला दोन्ही वाटा आदराच्या वाटतात. एका वाटेने चेहरा झाकून आदर राखला, दुसऱ्या वाटेने चेहरा अगदी जवळून दाखवून. आपल्या वाट्याला ही दुसरी मोकळीक आली आहे. ती आपल्याला संतांनी दिली, गवळणींनी दिली, पाळण्यांनी दिली, आणि पडद्यावर ती फाळक्यांनी वापरून दाखवली.

फाळक्यांचा चित्रपटाकडचा प्रवासच मुळी एका धार्मिक चित्रपटाने सुरू झाला. १९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या तंबूच्या थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. दुसऱ्यांदा ते पत्नीलाही घेऊन गेले. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना आपल्या मनासमोर राम आणि कृष्ण उभे राहत होते, असं त्यांनी पुढे 'नवयुग' मासिकातल्या लेखांत लिहिलं आहे. तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. छायाचित्रण, ठसे करणं, छपाई, जादूचे खेळ, सगळं करून झालं होतं. 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादूचे प्रयोग करत. त्यानंतर त्यांनी विमा गहाण टाकला, १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत कामं शिकून घेतली आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. म्हणजे 'कालिया मर्दन'च्या मागे जे घर उभं आहे, त्यात बाप दिग्दर्शक आहे, आई रसायनांत हात बुडवून काम शिकलेली आहे आणि लेक देव झालेली आहे. एका परधर्मातल्या पवित्र कथेने या घराला वाट दाखवली, हे मुलांना कळलं तर त्यांच्या मनावर काय उमटेल याची कल्पना करावी.

देवाला असं जवळून दाखवण्याची ही मोकळीक पुढेही टिकली. १९३२ मध्ये भालजी पेंढारकरांनी 'श्यामसुंदर' केला, तेव्हा त्यात कृष्ण झाला शाहू मोडक, अहमदनगरकडचा, ख्रिस्ती घरातला, विशीही न गाठलेला मुलगा. तो चित्रपट मुंबईत पंचवीस आठवडे चालला. पुढे मोडकांनी आयुष्यभर कृष्ण साकारला, आणि १९४० मध्ये प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ते ज्ञानदेव झाले. त्या चित्रपटातला बालज्ञानेश्वर पाहताना वाळीत टाकलेल्या चार भावंडांची कणव आजही दाटून येते. १९३८ च्या प्रभातच्या 'गोपाळकृष्ण'मध्ये कृष्ण होता किशोरवयीन राम मराठे, पुढचे थोर गायक पंडित राम मराठे. ब्राह्मणाची मुलगी, ख्रिस्ताला मानणारा मुलगा, गाणारा मुलगा. मराठी पडद्यावरचा बाळकृष्ण असा अनेकांच्या अंगणात वाढला.

आता चित्रपटाकडे वळते.

'कालिया मर्दन'चा बराचसा भाग खोड्यांचा आहे. एक गवळण कृष्णाच्या मैत्रिणीच्या अंगावर पाणी ओतून तिचा अपमान करते. मग सवंगडी त्या गवळणीच्या घरचं लोणी पळवून सूड घेतात. त्यांना मार बसतो. कृष्णाला कुणी फळं देतं, ती तो स्वतः न खाता सगळ्यांत वाटून टाकतो. एका रात्री तो श्रीमंत सावकाराच्या झोपायच्या खोलीत शिरतो आणि झोपलेल्या नवऱ्याच्या दाढीला बायकोच्या केसांशी गाठ मारतो. सकाळी काय होत असेल ते आपण ओळखलंच असेल. या सगळ्यात पुराणातल्या गोकुळापेक्षा आपल्याकडच्या एखाद्या गावातली आळी जास्त दिसते. भांडखोर शेजारीण, घाबरणारी पण मागे न हटणारी पोरं, ठेवा सांभाळणारा सावकार. एकनाथांच्या गवळणींतला कृष्ण असाच आहे आणि तमाशातल्या गवळणीतलाही. तो मोठ्यांच्या लबाडीला हसतो आणि चोरलेलं लोणी एकट्याने खात नाही. गोपाळकाल्यात सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवतात, तिथपासून ही गोष्ट वाहत आली आहे.

आमच्या फिल्म सोसायटीने एकदा हा चित्रपट शाळेतल्या मुलांना दाखवला. शाळेचं सभागृह, भिंतीवर पांढरं कापड, एक हार्मोनियम, एक पखवाज आणि टाळ वाजवायला दोन मुलं. सुरुवातीला चुळबुळ होती. चित्रपट बोलत का नाही, असं एकाने मोठ्याने विचारलं. दाढीला केस बांधले तेव्हा सभागृह असं हसलं की पखवाज ऐकू येईना. पण माझ्या मनात राहिली ती पुढची वीस मिनिटं.

कृष्ण यमुनेत उडी मारतो. पाण्याखालची दृश्यं सुरू होतात. मोठा नाग, त्याच्याशी झुंजणारं एवढंसं पोर. फाळके मध्येमध्ये काठावर येतात. काठावर गर्दी जमली आहे, बायका छाती पिटत आहेत, आईला सावरावं लागतं आहे. पुन्हा पाण्याखाली. पुन्हा काठावर. आज ही रीत इतकी सरावाची झाली आहे की तिच्याकडे लक्षही जात नाही, पण त्या काळात आपल्याकडे हे अशा परिणामाने कुणी केलं होतं? मुलं गप्प झाली. पखवाजवाल्यानेही हात आवरता घेतला. नाग रबराचा आहे की कापडाचा, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मोबाइलवर रोज राक्षसांचे चुराडे पाहणारी ही मुलं, एका बनावट नागासमोर श्वास रोखून बसली होती.

त्याचं कारण मी त्यानंतर पुष्कळदा शोधलं आहे. मला वाटतं, कारण हेच की पाण्यात एक खरं मूल आहे. चित्रपटानेच आरंभी तिची ओळख करून दिली आहे. तिचे गाल, तिचे डोळे, तिचं हसू आपण जवळून पाहिलेलं आहे. तो कृष्ण आहे, त्याला काही होणार नाही, हे प्रत्येक मुलाला पाठ आहे. तरी काठावरच्या आईची भीती खरी वाटते, कारण पाण्यात गेलेली पोर खरी आहे. देवाचं बालपण दाखवायचं तर त्यातलं बालपण असं खरं असावं लागतं. ते दाखवलं की देवत्वासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही. नागाच्या फण्यावर उभा राहिलेला तो लहानगा दिसला तेव्हा मुलांनी आपणहून टाळ्या वाजवल्या, आणि दोघी-तिघींनी हात जोडलेलेही मी पाहिले.

खेळ संपल्यावर सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, ती मुलगी खरंच पाण्यात गेली होती का?" मग आमच्या एका सभासदाने टाकी, काच, दुहेरी छपाई, फळ्यावर चित्र काढून काढून ट्रिकसीन कसे करत ते समजावलं. तास कधी संपला कळलं नाही. एका धार्मिक चित्रपटातून विज्ञानाचा तास निघाला. फाळक्यांना हे आवडलं असतं. वाटाण्याचा दाणा रुजून त्याचं रोप होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण करून त्यांनी १९१२ मध्ये पहिला प्रयोग केला होता, आणि तो दाखवूनच भांडवल उभं केलं होतं.

आज पवित्र बालपणाचे चित्रपट कमी नाहीत. २०२५ मध्ये प्रल्हादाच्या कथेवरच्या 'महावतार नरसिंह' या ॲनिमेशनपटाला देशभर गर्दी लोटली. त्याच वर्षी मराठीत 'संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई' आला. लोकांना या कथा हव्या आहेत, यात शंका नाही, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण एकंदर वारं पाहिलं तर काळजी वाटते. संगणकाने घडवलेलं देवाचं मूल दिवसेंदिवस बलदंड होत चाललं आहे आणि त्याच्या खोड्या कमी होत चालल्या आहेत. त्याचा राग मोठा दिसतो, त्याचं रडणं दिसत नाही. माती खाऊन आईचा मार चुकवणारा, उखळाला बांधलेला, लोण्याने बरबटलेला कृष्ण मागे पडतो आणि शत्रूला चिरडणारा वीर पुढे येतो. भागवताच्या दशम स्कंधातली कालियाची कथा तर सरळ सांगते की कृष्णाने त्याला मारलं नाही. नागपत्नींनी विनवलं, तेव्हा त्याला कुटुंबासह रमणक द्वीपाकडे परत पाठवलं आणि यमुनेचं पाणी पुन्हा पिण्याजोगं झालं. गोष्ट विषारी झालेल्या नदीची आहे, गुरं आणि गवळी तिचं पाणी पिऊन कोसळले म्हणून पोराने उडी घेतली. गोदाकाठच्या मुलांना ही गोष्ट दाखवली तर ती आपल्या नदीबद्दल काय विचारतील, याला आपण मोठ्यांनी तयार असायला हवं.

दुसरी काळजी जरा नाजूक आहे, तरी लिहिते. आज एखाद्या नव्या दिग्दर्शकाने देवाला नवरा-बायकोच्या खोलीत शिरून दाढीला गाठ मारताना दाखवलं, तर चित्रपट सुखरूप प्रदर्शित होईल, याची हमी त्याला कोण देईल? मुलीने कृष्ण केला, दुसऱ्या धर्मातल्या मुलाने कृष्ण केला, तर काय काय ऐकावं लागेल? शासनाने 'कालिया मर्दन' सन्मानाने दाखवला तर अशा दिग्दर्शकाला आधार मिळेल. आपल्याच परंपरेतला, आपल्याच भूमीत तयार झालेला, श्रद्धावान माणसाने काढलेला पुरावा त्याच्या हाती असेल. फाळक्यांच्या श्रद्धेवर तर कुणी बोट ठेवू शकत नाही.

आता व्यवहाराचं बोलते, कारण इच्छा असूनही या गोष्टी कुठे अडतात ते आम्ही अनुभवलं आहे.

आपल्याकडे सुमारे तेराशे मूकपट तयार झाले, त्यांतले आज जेमतेम तीसेक हाती आहेत, आणि त्यांतलेही बरेच तुकड्यांत. १९६४ मध्ये पुण्याचं संग्रहालय सुरू झालं. तिथल्या पी. के. नायर यांनी अनेक दशकं गोदामं, अडगळी, वारसांची घरं धुंडाळून रिळं गोळा केली. फाळक्यांचे चित्रपट उरले त्यात त्यांच्या चिकाटीचा मोठा वाटा आहे. ते संग्रहालय आता केंद्राच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. म्हणून राज्याने केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला पत्र लिहून चांगली डिजिटल प्रत मागावी लागेल. आपल्या सहीचं एक पत्र तिथे जे करील ते आमच्यासारख्या संस्थांच्या दहा अर्जांनी होत नाही.

हक्कांची अडचण येणार नाही. आपल्या कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो आणि हा चित्रपट शंभरी ओलांडलेला आहे. खर्च येईल तो प्रत, पाट्या, वादक आणि पडदा यांचा.

गतीकडे मात्र जातीने लक्ष घालायला सांगावं. मूकपट हाताने कॅमेरा फिरवून घेतलेले असत, सेकंदाला साधारण सोळा ते अठरा चित्रं. तीच फिल्म बोलपटाच्या चोवीस चित्रांच्या गतीने चालवली की माणसं तुरुतुरु पळू लागतात, रडणारी आई विनोदी दिसते आणि मुलं भलत्या जागी हसतात. मोबाइलवर फिरणाऱ्या पुष्कळ प्रतींची हीच गत आहे. मूकपट हास्यास्पद असतात हा गैरसमज यातूनच पसरला. योग्य गतीने चालवला की मंदाकिनीच्या चेहऱ्यावरचा प्रत्येक बदल वाचता येतो.

संगीताचाही असाच विचार हवा. मूकपट त्या काळीही मुका नसे. पडद्याजवळ पेटी, तबला वाजत असे, पाट्या वाचून दाखवणारा माणूस असे. आपल्या गावोगावी भजनी मंडळं आहेत, कीर्तनकार आहेत, पखवाज शिकणारी मुलं आहेत. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक वादकांनीच साथ करावी. कोल्हापूरचा खेळ वेगळा वाजेल, नांदेडचा वेगळा, सिंधुदुर्गात दशावताराची पेटी आणि झांज असेल. सांस्कृतिक कार्य विभागाला यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. मुंबईत पु. ल. देशपांडे कला अकादमी आपल्याकडे आहे. गोरेगावच्या चित्रनगरीला तर दादासाहेबांचंच नाव आहे. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, ते महापालिकेचं असलं तरी तिथे खेळ लावायला कोण नाही म्हणेल? जिथे काहीच नाही तिथे शाळेची भिंत आहे.

गोकुळाष्टमीचा आग्रह एवढ्यासाठी की २०२२ मध्ये शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि गोविंदांना विम्याचं संरक्षण दिलं. थरावर चढणाऱ्या पोरांची काळजी घेतली, हे चांगलंच झालं. ज्याच्या नावाने ती पोरं चढतात त्याच्या बालपणावरचा आपला इतका जुना, बराचसा वाचलेला चित्रपट त्याच दिवशी, त्याच चौकात, हंडी फुटल्यावर संध्याकाळी लावावा. कर्णे बंद, दिवे मंद आणि पडद्यावर मंदाकिनी.

आणि सिंहस्थ. फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला त्यांचं निधन झालं, शेवटच्या वर्षांत कुणी त्यांची फारशी विचारपूस केली नाही. त्यांच्या नावाने केंद्र सरकार चित्रपटातला सर्वोच्च पुरस्कार देतं. २०२७ मध्ये देशभरातून लाखो माणसं त्यांच्या गावी येणार आहेत, रस्ते, घाट, निवारे यांची तयारी सुरू आहे. त्या तयारीत एका पडद्याची भर घालावी. दूरच्या प्रांतांतून आलेल्या यात्रेकरूंना कळू दे की पडद्यावर आपला देव ज्याने हलवला, जिवंत केला, तो या गावचा मुलगा होता.

म्हणून माझं मागणं असं आहे. येत्या गोकुळाष्टमीआधी संग्रहालयाकडून प्रत मागवावी, मराठी पाट्या तयार करून घ्याव्यात, प्रत्येक जिल्ह्यातल्या किमान एका शाळेत आणि एका चौकात खेळ लावावा, आणि सिंहस्थाच्या कार्यक्रमपत्रिकेत 'कालिया मर्दन'चं नाव छापावं. पहिला खेळ आपण स्वतः, मुलांमध्ये बसून, पाहावा. वादक, जागा आणि सभागृह झाडून ठेवणारे हात आम्ही पुरवू.

आपली नम्र,
नाशिकची एक शिक्षिका आणि चित्रपटप्रेमी